मदत हवी आहे: मोबाईल मोडेम चालू झाला की जीपीएसचा लॉक (उपग्रहांवरची पकड) सुटतो

रानवारा
सायकलसाठी ट्रॅकर बनवतोय. बोर्डवर जीपीएसला सिरॅमिक पॅच (चपटा अँटेना), मोबाईलला चिप अँटेना. वेगवेगळे तपासले तेव्हा झक्कास चालले. एकत्र चालवले की लॉक जातो. दोन्हींसाठी एकच अँटेना करता येईल का? शुक्रवारी डेमो आहे, लवकर सांगा.

तळ्यातमळ्यात
बोर्ड केवढा? मोबाईलचे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) कोणते? फिल्टर आहे का? झक्कास सोडून काहीच सांगितलं नाहीत.

रानवारा
बोर्ड छोटाच आहे. बँड नेहमीचे.

तळ्यातमळ्यात
मिलिमीटरमध्ये बोला राव.

शंखनाद
एकच अँटेना नको. उपग्रहाचा सिग्नल सर्क्युलर पोलराइज्ड, म्हणजे गोल फिरत येणारा; मोबाईलचा अँटेना लिनिअर, एकाच रेषेतला. तिथेच ३ डीबी, म्हणजे निम्मी शक्ती, गेली. मी क्वाड्रिफायलर हेलिक्सशिवाय (चार तारांच्या पिळाचा उभा अँटेना) काही वापरत नाही. ग्राउंड प्लेनची (अँटेनाला लागणाऱ्या तांब्याच्या पत्र्याची) कटकट नाही.

उलटापालटा
शंखनाद, प्रत्येक धाग्यावर तुमची हेलिक्स! सीटखाली ती कांडी मावणार कुठे? फोनमध्ये लिनिअरच असतो, तरी सगळ्यांचे नकाशे चालतातच की.

शंखनाद
नेटवर्ककडून मदत मिळते म्हणून चालतात. उंच इमारतींमध्ये परावर्तित सिग्नल आले की बघा तुमचा ठिपका कुठे पळतो ते.

प्राजक्त७
माझाही फोन दिशा चुकीची दाखवायचा. हवेत इंग्रजी आठसारखा फिरवला, होकायंत्र सुधारलं. करून बघा.

उलटापालटा
ताई, इथे फोनच नाहीये.
@रानवारा, एलटीईचा (४जीचा) बँड १३ वापरताय का? ७८७ मेगाहर्ट्झची दुप्पट १५७४, जीपीएस १५७५.४२ वर. हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतला सिग्नल) थेट उंबऱ्यावर येतो.

रानवारा
एलटीई नाही, जीएसएम (२जी) ९०० आणि १८००. बोर्ड मोजला, ४५ × ४० मिमी. चिपच्या डेटाशीटमध्ये १०० मिमी ग्राउंड प्लेन मागितलाय, ते आत्ता वाचलं.

तळ्यातमळ्यात
इथेच घोळ आहे. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३ सेंमी. एवढीशी चिप एकटी काय करणार? खरं प्रसारण बोर्डचं तांबं करतं, चिप त्याला नुसती डिवचते. तांबं अपुरं पडलं की टॉवरला आवाज क्षीण पोचतो, मग तो मोडेमला जोर वाढवायला लावतो, थेट २ वॅटपर्यंत. म्हणजे ३३ डीबीएम (शक्ती मोजायचं एकक). आणि जीपीएस येतो −१३० च्या आसपास. शेजारी कोणी कर्णा लावलाय आणि तुम्ही कुजबुज ऐकताय. पॅचनंतर सगळ्यात आधी काय आहे, सॉ फिल्टर (नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारा) की एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर)?

रानवारा
फिल्टर नाही. एलएनए मॉड्यूलमध्ये आहेच, सिग्नल वाढावा म्हणून बाहेर आणखी एक लावलाय.

शंखनाद
अरे देवा.

तळ्यातमळ्यात
म्हणजे कर्णाही वाढवून घेताय! बाहेरचा एलएनए काढा किंवा त्याच्या आधी सॉ बसवा. मोडेम बंद असताना आणि डेटा पाठवताना जीएसव्ही ओळींतले (जीपीएस मॉड्यूल उपग्रहांची माहिती देतं त्या) सिग्नलचे आकडे लिहून काढा. अंदाजाने नको.

रानवारा
मोडेम बंद: ४२. डेटा पाठवताना: २४, निम्मे उपग्रह गायब. एलएनए काढून: ३५. ग्राउंडला तांब्याची पट्टी डकवून लांबी वाढवली: ३९!! लॉक टिकतोय.

उलटापालटा
शुक्रवारपुरतं डेटा थांबून थांबून पाठवा, मोडेम सतत बोलता ठेवू नका.

रानवारा
ठीक. पण झाकण लावलं की परत ३० वर येतो. मोडेम बंद असतानाही.

तळ्यातमळ्यात
कसलं झाकण? आत्तापर्यंत बोर्ड उघडा होता??

रानवारा
हो. प्लॅस्टिकचं आहे, पॅचला टेकतं.

तळ्यातमळ्यात
टेकलं की पॅचची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. दोन-तीन मिमी फट ठेवा, पॅच झाकणासकटच जुळवा. नुसतं प्लॅस्टिकच आहे ना?

रानवारा
हो, वरून फक्त चंदेरी मेटॅलिक स्प्रे मारलाय.