यंदाचं वाण: काळ्या कार्डावर पांढरा हलवा

ए-१०४ काकू: नमस्कार सगळ्यांना 🙏 संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं ठरवायला हवं, डिसेंबर अर्धा गेला. दरवर्षी आपण डबे, चाळण्या, वाट्या लुटतो आणि त्या सगळ्यांकडे आधीच असतात. वाण काय द्यायचं ते सुचवा. आणि आधीच सांगते, यंदा बोलावणं सोसायटीतल्या प्रत्येक बाईला, सवाष्ण असो नसो, ते गेल्या वर्षीच ठरलंय.

डी-३०१: कापडी पिशव्या?

बी-२०६ वहिनी: पिशव्या गणपतीत दिल्या की

सी-२०३ ताई: मी सुचवू का एक, हाताने केलेली भेटकार्डं. चार कार्डं, चार पाकिटं, वर लाल दोरा. पूर्वी संक्रांतीला छोटी भेटकार्डं यायची ना पोस्टाने, तिळगूळ घ्या गोड बोला लिहिलेली, सोबत पुडीत चिमूटभर हलवा, तसली. जिला मिळतील ती पुढे आपल्या माणसांना पाठवेल, म्हणजे वाण कपाटात पडून राहणार नाही.

ए-१०४ काकू: अगं किती छान. आमच्याकडे नागपूरहून आत्या पाठवायची.

बी-५०२ (सेक्रेटरी): कल्पना आवडली. पण हिशोब बघा, ६० घरं गुणिले ४ म्हणजे २४० कार्डं. एवढी हाताने कोण करणार? डिझाइन द्या, मी प्रेसवाल्याकडून रेट मागवतो, दोन दिवसांत छापून देतात.

सी-२०३ ताई: दादा ऐका ना, मला जे कार्ड डोळ्यासमोर आहे ते प्रेसमध्ये होतच नाही. संक्रांतीला आपण काळं नेसतो म्हणून कार्ड काळं, आणि त्यावर हलव्याचे दागिने, पांढरे, बोट फिरवलं की दाणे हाताला लागतील असे. आता आपल्या जवळच्या डिजिटल प्रिंटिंगवाल्यांच्या मशीनमध्ये पांढरी शाई नसतेच, ते काय करतात तर पांढऱ्या कागदावर सगळीकडे काळा रंग छापतात आणि मधे हलव्याची जागा कोरी सोडतात, दाणा सपाट तो सपाटच, वर कार्डाला घडी घातली की घडीवर काळा रंग फुटतो आणि पांढरी चीर दिसते. आपण मुळातच काळा कागद घेऊ, तो आरपार काळा असतो. आणि २४० चा आकडा मोठा वाटतो पण दहाबारा जणी बसल्या तर दोन रविवारात होतं, एक रविवार फक्त पुढची बाजू आणि दुसरा अक्षरं, पाकिटं, बांधाबांध.

डी-३०१: पांढरे दाणे म्हणजे खरा हलवा चिकटवायचा?

सी-२०३ ताई: नाही नाही, त्याला मुंग्या लागतील. स्टेन्सिल आणि पेस्ट. नीट सांगते कारण सगळी मजा त्यातच आहे. प्लास्टिकच्या शीटला हाराच्या आकारात ओळीने गोल भोकं पाडायची. ऑफिसच्या पंचिंग मशीनचं भोक साधारण ६ एमएमचं असतं, ते मधल्या पदकाला ठीक, हाराच्या मण्यांना मोठं होतं. बारीक दाण्यांना पट्ट्याला भोकं पाडायचा फिरता पंच येतो ना, चाकासारखा, त्यात २ एमएमपासून वेगवेगळ्या मापाच्या नळ्या असतात, तो हवा. शीट कागदावर ठेवायची, चारही बाजूंनी मास्किंग टेप, आणि वरून पांढरी मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे वाळल्यावर टणक होणारी ॲक्रिलिकची घट्ट पेस्ट, जुन्या एटीएम कार्डाने एकाच दिशेने पातळ पसरायची, केकवर क्रीम ओढतात तशी. मग शीट सरळ वर उचलायची, अजिबात सरकवायची नाही. खाली कागदावर दाणे उभे राहतात. दाण्याची उंची म्हणजे शीटची जाडी, म्हणून ओएचपी शीट, ती प्रोजेक्टरची पातळ पारदर्शक, नको, तिच्यावर दाणा चपटा येतो, फाइलचं जाड प्लास्टिक कव्हर घ्या. रात्रभर वाळू द्यायचं आणि एकावर एक ठेवायची नाहीत. स्टेन्सिल मात्र लगेच पाण्यात टाकायचं, ॲक्रिलिकची पेस्ट एकदा भोकात वाळली की निघत नाही.

बी-२०६ वहिनी: पेस्ट महाग असते ना पण

सी-२०३ ताई: डब्याची किंमत जास्त वाटते पण पुरते बरीच. घरीही होते, पांढरा ॲक्रिलिक रंग, फेव्हिकॉल आणि टाल्कम पावडर, दही घट्ट असतं तितपत होईपर्यंत कालवायचं. सैल झाली की स्टेन्सिलखाली पसरते आणि दाण्यांचा गोल मोडतो. पहिल्या रविवारी दोन्ही करून बघू.

बी-१०१: ताई माझ्याकडे घरी जांभळं स्टॅम्प पॅड आहे, ऑफिसचं. आणि मुलीच्या ड्रॉइंगचे ठसे पण आहेत. ते चालेल का काळ्या कागदावर?

सी-२०३ ताई: काळ्यावर नाही दिसणार गं. शाया दोन जातीच्या असतात, डाय आणि पिगमेंट. डाय शाई पारदर्शक असते, कागदात मुरते आणि पटकन वाळते, पण कागद काळा असेल तर तिचा रंग त्यातच गडप. तुझं जांभळं पॅड तसंच. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वर बसतात, म्हणून पुढची अक्षरं पांढऱ्या पिगमेंट शाईने, ती काळ्यावर उठून दिसते. फक्त ती सावकाश वाळते, गुळगुळीत कागदावर तर तासन् तास ओली राहते, हात लागला की फासली. पण हाच तिचा फायदा, ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवायची, जास्तीची झटकून परत डबीत ओतायची आणि हीट गनने तापवायची. पावडर आधी दाणेदार दिसते आणि मग एका क्षणात वितळून चकचकीत होते, ते समोर बघायला हवं, मुलं तर जागची हलत नाहीत.

बी-१०१: हेअर ड्रायर चालतो का? सगळ्यांकडे असतो

सी-२०३ ताई: नाही. ड्रायरची हवा जोरात आणि उष्णता कमी, पावडर वितळायच्या आधीच उडून जाते. हीट गन माझी आहे, एकच पुरे, पण ती मोठ्या माणसानेच धरायची, नळी भयंकर तापते. अजून एक, पावडर टाकायच्या आधी कागदावर टाल्कमची छोटी पुरचुंडी हलकेच फिरवायची. बोटांचे डाग नाहीतर दमटपणा राहिला की पावडर तिथेही चिकटते आणि काळ्या कागदावर पांढरे ठिपके फार दिसतात.

ए-४०२ आजोबा: मी वाचतो आहे. अक्षरांची स्टेन्सिल कोण कापणार? वर्कशॉपमध्ये असताना लाकडी पेट्यांवर मजकूर आम्ही पत्र्याच्या स्टेन्सिलनेच मारायचो, कापायचं काम माझ्याकडे असे.

सी-२०३ ताई: आजोबा! तुम्हीच कापा ना मग, माझा हात अक्षरांवर तितका बसलेला नाही.

ए-४०२ आजोबा: कापतो. पण मजकूर आधी नक्की करा. तिळगूळ घ्या गोड बोला हे देवनागरीत कापायचं तर ळ ची दोन्ही घरं, घ चं पोट आणि ब चं पोट सुटून खाली पडतं, नुसते ठोकळे उरतात. तिथे दीड दोन एमएमची पट्टी सोडावी लागते, पोट बाजूच्या प्लास्टिकला धरून ठेवणारी. पट्टी सगळ्या अक्षरांत एकाच तिरक्या दिशेने ठेवली तर ती अक्षराचाच भाग वाटते, कुठेही ठेवली तर वाचणारा अडखळतो. शिरोरेषाही सलग कापायची नाही, प्रत्येक अक्षरापाशी तोडायची, नाहीतर एवढ्या लांब फटीत प्लास्टिक लोंबतं आणि शाई आत शिरते. शेवटी जुनी एक्स-रे फिल्म असेल तर द्या, ती कापायला उत्तम, कड स्वच्छ येते.

बी-५०२ (सेक्रेटरी): आजोबा हे मला माहीतच नव्हतं. एक्स-रे माझ्या घरी आईचे ढीगभर आहेत, संध्याकाळी आणून देतो.

सी-२०३ ताई: वाह. आजोबा, शाई आत शिरते म्हणालात ते अगदी खरं आणि ते फार जणांचं होतं. ब्रश नाहीतर स्पंज शाईच्या पॅडवर टेकवला की सरळ कागदावर नेतात. तसं करायचं नाही, आधी रद्दी कागदावर दोनचार वेळा फिरवायचा, जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, मग स्टेन्सिलच्या प्लास्टिकवर सुरुवात करून गोल गोल फिरवत मोकळ्या जागेत यायचं. कमी शाई, जास्त वेळा. रंग हळूहळू चढतो आणि कड स्वच्छ राहते. मेकअपचा फाउंडेशनचा ब्रश असतो ना भरगच्च केसांचा, तो यासाठी सगळ्यात चांगला, स्पंजचे डाग राहतात तसे त्याचे राहत नाहीत.

ए-३०५: मुलांना काय द्यायचं? माझी दोघं सात आणि दहा वर्षांची आहेत, त्यांना कटर नको 🙏

सी-२०३ ताई: कटर कुठल्याच मुलाच्या हातात नाही. त्यांना आतली बाजू. काळ्या कार्डात आत लिहायला पांढरा कागद चिकटवावाच लागेल, त्याच्या कोपऱ्यात मुलांनी ठसे मारायचे. सुगडात आपण काय घालतो, गाजर, बोरं, ऊस, हरभरा, गव्हाच्या ओंब्या, तेच घ्यायचं. गाजर आडवं कापलं की गोल ठसा, मधला गाभा वेगळा उमटतो. भेंडी कापली की फूल. कापल्यावर टिश्यूवर दहा मिनिटं उपडी ठेवायची, भाजीचं पाणी सुटतं आणि रंग फिकट होतो. त्याला पोस्टर कलर नको, कडांना घट्ट गोळा होतो, ओल्या स्पंजवर शाई नाहीतर पातळ ॲक्रिलिक पसरून त्यावर भाजी टेकवायची. कागद मऊ मासिकावर ठेवला तर ठसा भरीव येतो, टणक टेबलावर मधेच कोरा राहतो.

ए-३०५: आणि दहा वर्षांचा म्हणतोय त्याला खोडरबरावर पतंग कोरायचाय 😊

सी-२०३ ताई: कोरायचं काम मी करीन, चित्र त्याने काढावं. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने काढ म्हणावं, तो कागद खोडरबरावर पालथा दाबून घासला की चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. अक्षरांना तर हे फारच महत्त्वाचं. कोरताना रेषेच्या बाजू बाहेरच्या अंगाला उतरत्या ठेवायच्या, खालून आत पोखरली तर रेषा दाबताना वाकते आणि तुटते.

ए-१०४ काकू: मला सगळं कळलं असं नाही पण मी दोरा बांधीन आणि चहा करीन. कागद कुठून आणायचा?

सी-२०३ ताई: काकू तुम्ही पाकिटांवर हळदीकुंकवाची बोटं पण ओढायची, ते तुम्हीच. कागद काळा ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, ए-फोर मापाचा. एका शीटचे दोन तुकडे, प्रत्येकाला घडी, म्हणजे ए-सिक्स कार्ड झालं, ११४ बाय १६२ एमएमच्या पाकिटात बरोबर बसतं. २४० कार्डांना १२० शीट, वर दहा बिघडण्यासाठी. आप्पा बळवंत चौकात आर्टवाल्यांकडे मिळेल, घाऊक घ्यायचं तर रविवार पेठेत बघते. घेताना शीट आडवी आणि उभी हलकेच वाकवून बघायची, जो वाक सहज पडतो त्याच्या रेषेतच कागदाचे तंतू असतात, घडी त्याच दिशेने आली तर कड फुटत नाही. मी तेवढ्यासाठी स्वतः जाते, ऑनलाइनमध्ये हे बघता येत नाही. आतल्या कागदाला मात्र मला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद हवाय, १९४० पासून आहे ती, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात. शाई जरा जास्त पिते त्यामुळे बारीक रेषेचा ठसा पसरतो, पण गाजराचे, भेंडीचे ठसे त्यावर फार गोड दिसतात.

बी-५०२ (सेक्रेटरी): पोस्टाने जातील ना ही? उगीच जास्त तिकीट लागायला नको लोकांना.

डी-३०१: मी काढतो हिशोब. ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. ३०० भागिले १६, म्हणजे शीट पावणेएकोणीस ग्रॅम, अर्धी शीट साडेनऊच्या आत. पाकीट चारेक ग्रॅम, आतला कागद दोन, पेस्टचे दाणे एखादा ग्रॅम. सतराच्या आसपास. पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, त्यात बसतंय.

सी-२०३ ताई: किती छान झालं हे. म्हणजे आत हलव्याची पुडी घालायची नाही, वजनही वीस ग्रॅमच्या वर जाईल आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली हलव्याचा चुरा होईल. जवळच्यांना हातात द्यायचं असेल तर पुडी वेगळी. दाण्यांवर एक बटर पेपर ठेवून मगच कार्ड पाकिटात, म्हणजे दाणे पाकिटाला घासणार नाहीत.

बी-५०२ (सेक्रेटरी): ठीक, प्रेसचा विषय बंद. हॉल दोन्ही रविवारी दुपारी ३ ते ७ बुक करतो. खर्च वाणाच्याच वर्गणीतून. ताई, बिलं ठेवा.

बी-२०६ वहिनी: मी दोन्ही दिवस. मॅट आणि कटर आणते.

बी-१०१: मी पण. आणि ताई त्या जांभळ्या पॅडचं काय करू

सी-२०३ ताई: आण, आतल्या पांढऱ्या कागदावर बोरांना तोच रंग देऊ. पण ते कार्ड उन्हात भिंतीला लावू नका म्हणून सांगायचं, ती शाई उन्हात फिकी पडते.

ए-४०२ आजोबा: फिल्म मिळाल्या. ब्लीचच्या पाण्यात भिजवून काळेपणा निघतोय का पाहतो, नाही निघाला तरी कापायला अडचण नाही. अक्षराची उंची किती ठेवू?

सी-२०३ ताई: १२ एमएम. दोन ओळीत, वर तिळगूळ घ्या, खाली गोड बोला. आणि दोन प्रती कापाल का, एक धुवायला टाकली की दुसरी चालू राहील.

ए-४०२ आजोबा: तीन कापतो.

ए-३०५: पतंग काढून झाला, उद्या सकाळी तुमच्याकडे पाठवते त्याला

सी-२०३ ताई: पाठव, दहाच्या आत. मग मी पेठेत निघते, कुणाला काही हवं असेल तर रात्रीच लिहा.