मदत हवी आहे : "मी मेलेली आहे" म्हणणाऱ्या मावशीला शॉक ट्रीटमेंट द्यावी का?

नमस्कार. थोडं लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

माझ्या मावशीने साठी ओलांडलीय. काका गेल्यापासून ती खचत गेली; झोप उडाली, कशात मन लागेना. दिवाळीनंतर "माझी आतडी कुजली, आत काही उरलंच नाही" असं म्हणू लागली. आता म्हणते, "मी कधीच गेले, तुम्ही मला पोचवत का नाही?" ताट पुढे केलं की, "मला कशाला? घास कावळ्याला ठेवा."

निम्मे नातेवाईक "बाहेरचं आहे" म्हणून देवऋषाकडे न्यायला निघालेत, बाकीच्यांना हे नाटक वाटतं. दोन्ही ऐकून संताप येतो. मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र नैराश्यातून आलेला कोटार्ड सिंड्रोम असं निदान केलंय आणि इसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, सुचवलीय.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. ज्यूल कोटार्ड हे फ्रेंच डॉक्टर, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली शिकलेले. लहान वयातच मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या मुलांची वाचा शाबूत राहू शकते, हे त्यांनी 1868 च्या प्रबंधात दाखवलं होतं. पुढे पॅरिसजवळच्या व्हान्व्हच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांना 43 वर्षांची एक बाई भेटली. 1880 मध्ये त्यांनी तिची हकिकत मांडली. मला मेंदू नाही, छाती नाही, पोट नाही, नुसती हाडं नि कातडी आहे. देव नाही, सैतान नाही. खाण्याची गरज नाही, असं ती सांगायची. आणि त्याच तोंडाने, मला नैसर्गिक मरण येणारच नाही, जाळलं तरच संपेन, असंही. हे वाचून अंगावर काटा आला, कारण मावशीही हेच म्हणते : मेलेय, पण सुटका नाही. ती बाई शेवटी उपासमारीने गेली.

कोटार्डनी हा विषण्णतेचाच एक गंभीर प्रकार मानला होता. 1995 मध्ये 100 रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, त्यांतल्या 89 जणांना नैराश्य होतं. म्हणजे मूळ आजार ओळखीचा आहे, त्यावर उपचार आहेत, एवढा आधार मी धरून बसलोय.

अडलंय ते मावसभावापाशी. सही त्याने करायची आहे आणि "शॉक" म्हटलं की तो हादरतो. या वयात इसीटी घेतलेलं कुणी घरात आहे का? आठवणीचं काय झालं? आणि तोवर तिला खायला कसं घालायचं? "तू जिवंत आहेस गं" म्हणून हात चोळले की ती आणखीच रडते. हो ला हो तरी कसं म्हणायचं?

प्रतिसाद :

दादा, मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. भावाला सांगा, इसीटी पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच होते. त्याशिवाय देणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलंय. उपचाराच्या आसपासच्या काळातलं विसरायला होतं, त्यातलं बरंचसं हळूहळू परत येतं. काही आठवणी मात्र कायमच्या जाऊ शकतात, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. खाणंपिणं सुटलेल्या नैराश्यात आम्ही गोळ्यांपेक्षा इसीटीचा गुण लवकर आलेला पाहतो.

वाद घालू नका, होकारही देऊ नका. "तुला तसं वाटतंय, केवढा त्रास होत असेल" एवढंच म्हणा आणि पेज, ताक, जे जाईल ते घोटघोट पाजा. पाणीही नाकारलं किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. "जाळा मला" असं बोलत असतील तर एकटं सोडू नका. काडेपेटी, औषधं हाताशी ठेवू नका. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर लागतो.

अजून एक. मावशींना किडनीचा त्रास आहे का, आणि नागिणीसाठी असायक्लोव्हिर चालू होतं का? किडनी कमजोर असताना त्या औषधाने असे भ्रम झाल्याच्या नोंदी आहेत. सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

मूळ धागाकर्ता :

ताई, खूप आभार. किडनीचा रिपोर्ट जुना आहे, उद्या सकाळीच रक्त तपासायला देतो. तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला; सही करण्याआधी त्याला भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचंय. त्यांना नेमकं काय विचारावं, हे कुणी सांगू शकेल का? तिला रक्तदाबही आहे.