सान फर्मिन प्रत्यक्ष पाहिलाय का? तुमचे अनुभव लिहा

स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या गल्ल्यांतून वळूंपुढे धावणारी माणसं बातम्यांत सगळ्यांनी पाहिली असतील. ते धावणं जेमतेम तीन मिनिटांचं असतं. सान फर्मिन या संताच्या नावाचा हा उत्सव मात्र 6 ते 14 जुलै चालतो आणि 1591 पासून तो जुलैतच भरतो. त्या तीन मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही काय पाहिलंत, ते वाचायला मला आवडेल.

माझं सासर पाम्प्लोनाचं, म्हणून सुरुवात मीच करते. 6 तारखेला दुपारी 12 वाजता नगरपालिकेच्या सज्जातून रॉकेट उडतं, त्याला चुपिनासो म्हणतात. तोवर लाल रुमाल गळ्यात बांधायचा नाही. मनगटाला गुंडाळायचा, नाहीतर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा. सासूबाई आता चौकातल्या गर्दीत जात नाहीत. टीव्हीवर रॉकेटचा आवाज झाला की घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःच्या हाताने गाठ मारतात. माझ्या आईबाबांनाही त्यांनी तशीच बांधली होती.

माद्रिदहून:
मी धावलोय. धावणं सकाळी आठला सुरू होतं, पण साडेसातच्या आत रस्त्यावर उतरावं लागतं, नंतर आत सोडत नाहीत. प्यायलेला दिसला की पोलीस बाहेर काढतात. सांतो दोमिंगोच्या चढावर भिंतीतल्या कोनाड्यात सान फर्मिनची छोटी मूर्ती ठेवलेली असते. आठला पाच, तीन आणि एक मिनिट कमी असताना धावणारे गुंडाळलेलं वर्तमानपत्र उंचावून तिच्यापुढे गातात, आधी स्पॅनिशमध्ये, मग बास्क या तिथल्या भाषेत. माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. गाताना त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

पहिलं रॉकेट म्हणजे कोंडवाड्याचं दार उघडलं, दुसरं म्हणजे सगळी जनावरं बाहेर पडली. दोन्हींत जास्त वेळ गेला की जाणते लोक सावध होतात, कारण कळप फुटलेला असतो आणि एकटा पडलेला वळू सगळ्यात घातक. सहा वळू असतात, सोबत वाट माहीत असलेले घंटावाले बैल. रस्ता सुमारे 875 मीटरचा. तो अख्खा कुणी धावत नाही, आपापला तुकडा ठरलेला असतो. मी एस्ताफेता गल्लीच्या शेवटच्या भागात होतो. आधी माणसांचा लोंढा आला, मग घंटा ऐकू आल्या, आणि मी पडलो. पडल्यावर उठायचं नाही, डोकं झाकून तसंच राहायचं, हे मनात घोकून ठेवलं होतं. खुरांचा आवाज कानाजवळून गेला. कुणीतरी पाठीवर थाप मारली तेव्हाच उठलो. तिथून जवळच, रस्त्याच्या तेलेफोनिका म्हणतात त्या भागात, 2009 साली शिंग लागून एक तरुण गेला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत मला काही खाववलं नाही.

लेकीला घेऊन गेलेली आई:
आम्ही वळू पाहिलेच नाहीत! सकाळी मिरवणुकीत निघणारे आठ महाकाय राजे-राण्या पाहिल्या, 1860 सालच्या. एक माणूस आत शिरून तो एवढा मोठा पुतळा गिरक्या घेत नाचवतो. मोठाली मुंडकी घातलेले किलिकी फोमचा सोटा घेऊन पोरांच्या मागे लागतात आणि पोरं किंचाळत पळतात. चोखणी सोडायच्या वयाची बाळं आपली चोखणी या राजा-राणीला देऊन टाकतात. एक बाळ ती देऊन लगेच रडायला लागलं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पोरांना घेऊन अवश्य जा.

मंचरचा, सध्या जर्मनीत:
आमच्या घरी बैलगाडा शर्यतीचे बैल आहेत. 2014 ला बंदी आली तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते, 2021 च्या डिसेंबरात ती उठली तेव्हा गावात भंडारा उधळला. म्हणून पाम्प्लोनाला मी आपलेपणाने गेलो. सकाळचं धावणं आवडलं. पण तेच सहा वळू संध्याकाळी साडेसहाला बैलझुंजीच्या रिंगणात मारले जातात. आमचा बैल शर्यत संपली की गोठ्यात येतो, पोळ्याला पुरणपोळी खातो. संध्याकाळचं तिकीट मित्राने काढून ठेवलं होतं, मी गेलो नाही. कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही, पण जनावराचं तसं मरण मला बघवणार नाही.

धागाकर्ती:
दादा, हा वाद आमच्या घरातही दर वर्षी होतो. चुलतसासऱ्यांची रिंगणातली जागा ठरलेली आहे, आणि त्यांचीच नात उत्सवाच्या आदल्या दिवशी विरोधाच्या निदर्शनांना जाते. 6 तारखेला दुपारी दोघंही आमच्याकडेच जेवतात.

पुढच्या वर्षी कुणी येणार असेल तर राहायची सोय हिवाळ्यातच करा. धावणं पाहायला कुंपणापाशी सहाच्या आधी पोचा. कुंपणं दोन असतात. आतल्या कुंपणाच्या मागची जागा वैद्यकीय पथकाची आणि पोलिसांची, आपण दुसऱ्याच्या मागे. नंतर मान्युएता गल्लीतल्या 1872 सालच्या दुकानात चुरोंसाठी, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्यांसाठी, रांग लावा. रांग लांब असते, पण सोडू नका.