उताराचं ठीक, चढाचं काय?
"ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग नाही, डोंगरात मॅन्युअलच हवी" हे या चर्चेतलं वरचं मत मला अर्धंच पटतं (इंजिन ब्रेकिंग म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिननेच गाडीचा वेग धरून ठेवणं). डी (नेहमीचा ड्राइव्ह) मध्ये ठेवली तर गाडी उतारावर सुटते, खरं आहे. पण मारुतीच्या जिम्नी या फोर-बाय-फोरच्या ४ गिअरच्या ऑटोमॅटिकला २ आणि एल (गाडी खालच्या गिअरमध्येच धरून ठेवणाऱ्या जागा) आहेत. ४एल (चारही चाकांना जोर देणारी लो रेंज: वेग कमी, ताकद जास्त) टाकून एल मध्ये ठेवली की दगडगोट्यांच्या उतारावरही ती चांगली धरून राहते.

चढावर थांबून पुन्हा निघण्याबद्दल मात्र इथे कोणीच लिहिलं नाही. भोरहून वरंध घाटाकडे जाताना एका वाडीच्या कच्च्या चढावर पुढची गाडी अडकली. माझी मॅन्युअल, मागे आई आणि मुलं. हाय, म्हणजे नेहमीच्या रेंजमध्येच अर्धा क्लच धरून तीनदा रेटली. क्लच जळल्याचा वास गाडीभर, आईला मळमळायला लागलं. लो रेंज टाकल्यावर सुटलो. अर्ध्या क्लचवर प्लेट घसरते आणि जळते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला, तेलातून ताकद पोचवणारा भाग) ती घसरण तेलात होते, प्लेट जळत नाही (तेल तापतं, म्हणून तिथेही लोच टाकावा). घरात दोघं-तिघं चालवणार असतील तर मी ऑटोमॅटिकच घेईन, पण टॉर्क कन्व्हर्टरवाली. एएमटीत (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं) आत तोच कोरडा क्लच असतो.