मदत हवी आहे : डीव्हीडी रेकॉर्डर सीडी वाजवतो, डीव्हीडी ओळखत नाही

नमस्कार मंडळी. घरचा जुना हार्डडिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर रुसलाय. डीव्हीडी घातली की बराच वेळ घरघर आणि मग पडद्यावर 'नो डिस्क'. गाण्यांची सीडी मात्र बिनतक्रार वाजते. सीडीला 780 आणि डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा लेझर लागतो, म्हणजे मोटर ठीक असून डीव्हीडीचा लेझरच थकला असावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंग पुसून झालं, फरक शून्य.

ड्राइव्ह आयडीई केबलवर (जुन्या कॉम्प्युटरमधली रुंद पट्टीची केबल) आहे. कॉम्प्युटरचा साधा रायटर तिथे चालेल का? बऱ्याच रेकॉर्डरना स्वतःच्या फर्मवेअरचाच (म्हणजे आत भरलेल्या प्रोग्रॅमचाच) ड्राइव्ह लागतो म्हणतात. की नुसतं पिकअप (लेझर आणि भिंगाचा भाग) बदलता येतं? पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारलं, तर "काका, पेनड्राइव्ह घ्या की!" असं उत्तर मिळालं. धन्य!

खरी अडचण फायनलाइज न झालेल्या (रेकॉर्डिंगनंतर डिस्क बंद करायची शेवटची पायरी राहिलेल्या) काही डीव्हीडी-आरची आहे. घरगुती कार्यक्रम आहेत त्यांत, आणि दुसऱ्या प्लेअरवर त्या उघडत नाहीत. हार्डडिस्कवरचं एव्ही आउटमधून कॅप्चर करून घेईन, त्याची चिंता नाही.

लेझरचा प्रिसेट (त्याची ताकद कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवायला कृपया सुचवू नका. असं काम अजून करणारा कारागीर पुणे-मुंबईत कुणाला माहीत आहे का?