मदत हवी आहे: श्रवणबेळगोळ + बेलूर-हळेबीड एका दिवसात होतं का? (तातडीचं)

घाईघाईत: कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर (बाहुबलीची प्रचंड मूर्ती), समोरची चंद्रगिरी टेकडी आणि बेलूर-हळेबीडची होयसळ मंदिरं एका दिवसात उरकेल का? नेटवर निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही. आज रात्री तिकिटं काढायचीत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

पायवाट: कुठून निघणार? कोणत्या महिन्यात? सोबत कोण?

घाईघाईत: एप्रिल. तिघं आहोत.

पायवाट: कुठून ते राहिलंच.

घाईघाईत: सांगली. आधार नंबर पण देऊ का?

नाना_भटके: होतं की! आम्ही हासनहून पहाटे गाडी काढली, अंधार पडायच्या आत तिन्ही ठिकाणं. एवढा बाऊ कशाला करता?

अक्का६५: नाना, पळत पळत पाहून काय पाहिलंत ते सांगा बरं. गोमटेश्वर ज्या टेकडीवर आहे त्या विंध्यगिरीला सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, सगळ्या एकाच कातळात खोदलेल्या आणि त्याही अनवाणी. एप्रिलमध्ये दहानंतर तो कातळ तव्यासारखा तापतो. मोजे चालतात, जाडे न्या.

घाईघाईत: आईला गुडघ्याचा त्रास आहे, तिला जमेल का?

पायवाट: हे आधी सांगायचंत ना राव! डोली मिळते. चार जण खुर्चीतून वर नेतात. आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा आणि सकाळी सर्वांत आधी चढा.

नाना_भटके: डोली कसली घेता? सावकाश, बसत बसत चढलं की होतं. माझी आई पंचाहत्तरीत चढली.

अक्का६५: तुमच्या आईचे गुडघे तुमच्या आईपाशी. डोलीच घ्या हो. वर मूर्तीसमोर गुळ्ळकायज्जीची छोटी मूर्ती आहे, तिच्याकडे कुणी बघतच नाही. ही मूर्ती घडवून घेणाऱ्या चावुंडरायाचा घडेच्या घडे दुधाचा अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना आणि या म्हातारीच्या वाटीभर दुधाने सगळी मूर्ती न्हाली, अशी कथा आहे. तुमच्या आईंना ती नक्की दाखवा.

शिळाप्रेमी: मूर्तीच्या पायांशी मराठी शिलालेख आहे तो चुकवू नका. एका बाजूला चावुंडरायाचं नाव, दुसऱ्या बाजूला गंगराजाचं. मराठीतला सर्वांत जुना लेख!

बखरबहाद्दर: सर्वांत जुना नाही. अलिबागजवळचा आक्षीचा लेख १०१२ चा.

शिळाप्रेमी: मूर्ती ९८१-८३ च्या सुमाराची आहे. हिशोब करा.

बखरबहाद्दर: मूर्तीचा काळ म्हणजे लेखाचा काळ नव्हे. भोवतालचं आवार बांधणारा गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बारावं शतक. दोन्ही ओळी तेव्हाच खोदल्या असतील तर आक्षी आधीचा.

घाईघाईत: अहो, धागा भरकटवू नका! प्रवासाचं सांगा.

पायवाट: बेंगळुरूपर्यंत जाऊच नका. हुबळी मार्गावरच्या गाडीने अर्सिकेरेला उतरा, तिथून टॅक्सी. पहिल्या दिवशी वाटेत हळेबीड, मग बेलूर. दोघांत फक्त सोळा किलोमीटर अंतर आहे आणि डोंगर चढायचा नाही. संध्याकाळी हासनला मुक्काम करा, दुसऱ्या सकाळी गोमटेश्वर. हासनहून ते पन्नास किलोमीटर.

घाईघाईत: पण आई सूर्यास्ताआधी जेवते.

पायवाट: म्हणजे तुम्ही जैन आहात? अहो, मग सगळंच बदललं! हासन रद्द. बेलूर दुपारीच आटपा आणि उजेडात श्रवणबेळगोळला पोचा. गावात यात्रीनिवास आहेत, जैन जेवण मिळतं. खोली आधी फोन करून सांगा.

घाईघाईत: आता जैन माणूस गोमटेश्वरला नाही तर कुठे जाणार?

अक्का६५: आम्ही तर सगळेच जातो हो! हळेबीडला मात्र होयसळेश्वराचं देऊळ पाहून लगेच गाडीत बसू नका. जवळच बसदीहळ्ळीत तीन बसद्या, म्हणजे जैन मंदिरं आहेत. पार्श्वनाथ बसदीतले खांब आरशासारखे चकचकीत आहेत, त्यात आपलं तोंड उलटंसुलटं दिसतं. गर्दी नसते, आईंना शांतपणे बसता येईल.

नाना_भटके: एवढं कशाला? कुंभोजच्या बाहुबलीला जा, घराजवळ आहे. अठ्ठावीस फुटी मूर्ती.

घाईघाईत: काका, तिथे आम्ही दरवर्षी जातो. आईला सत्तावन्न फुटीच बघायची आहे.

कलशवाली: २०३० पर्यंत थांबा की, मूर्तीचा महामस्तकाभिषेक (बारा वर्षांनी होणारा मोठा अभिषेक) आहे. मागचा २०१८ ला झाला.

अक्का६५: आणि गुडघे थांबतील का तोवर?

घाईघाईत: ठरलं. दोन दिवस. अर्सिकेरेला उतरून हळेबीड, बसद्या, बेलूर, मुक्काम गोमटेश्वरापाशीच. सकाळी आई डोलीत, आम्ही दोघं चालत. चंद्रगिरीला पायऱ्या कमी आहेत ना?

पायवाट: बऱ्याच कमी. विंध्यगिरी उतरून आई थकल्या नसल्या तरच जा. चंद्रगुप्त बसदीतली दगडी जाळी जवळून बघा, जैन आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्याची कथा चौकोनाचौकोनात कोरली आहे. आणि त्या थकल्या असल्या तर एकाने खाली कल्याणी तळ्यापाशी त्यांच्यासोबत बसा, दुसऱ्याने जाऊन यावं.

चहाबाज: हंपी पण करून टाका ना, जवळच आहे.

पायवाट: जवळ नाही.