व्हेटो काढून टाकला तर युनोची मध्यस्थी चालेल का?

शंकेखोर
घरी एक वाद मिटत नाहीये, म्हणून इथे विचारतो. माझं म्हणणं साधं आहे: सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्य देशांचा व्हेटो, म्हणजे एकट्यानं ठराव अडवायचा नकाराधिकार, काढा, मग बघा युनो कशी कामाला लागते. 25 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं 11 मतं पडली, तिघे तटस्थ राहिले, विरोधात एकटा रशिया. ठराव बारगळला. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच! युनोच्या सनदेच्या 27व्या कलमात तर वादातल्या पक्षानं मतदान करू नये असं आहे म्हणे. भाऊ म्हणतो, खरं दुखणं व्हेटो नाहीच. मग काय आहे?

निवृत्त मास्तर
भाऊ बरोबर आहे. आधी कलमाचं बघू. ती अट सनदेच्या सहाव्या प्रकरणातल्या, म्हणजे वाद शांततेनं सोडवण्याबाबतच्या निर्णयांना लागू होते. सातव्या प्रकरणातल्या सक्तीच्या कारवाईला नाही. त्यातून बरेच ठराव आपण कुठल्या प्रकरणात बसतो हे सांगतच नाहीत. सोयीचं असतं ते.

आता व्हेटो. वर्गात मी यासाठी 1956 सालचा शरद ऋतू सांगायचो. सुएझ कालव्यापायी इजिप्तवर हल्ला केला त्या प्रकरणात ब्रिटन आणि फ्रान्सनं व्हेटो वापरला, हंगेरीतला उठाव फौजा घालून चिरडला त्या प्रकरणात सोव्हिएत युनियननं. दोन्ही प्रकरणं आमसभेच्या, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेच्या, तातडीच्या अधिवेशनात गेली, तिथे व्हेटो नसतो. दोन्हीकडे भरघोस मतांनी ठराव झाला, फौजा मागे घ्या म्हणून. सुएझमधून ब्रिटिश-फ्रेंच फौजा डिसेंबरअखेर बाहेर पडल्या. हंगेरीत युनोच्या निरीक्षकांना पाऊलही टाकू दिलं नाही आणि सोव्हिएत फौजा थेट 1991 पर्यंत तिथेच.

सभागृह तेच, पद्धत तीच, आठवडेही जवळपास तेच. फरक एवढाच की पौंड घसरत असताना अमेरिकेनं ब्रिटनला सांगितलं, फौजा हलवा, नाहीतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा विसरा. मॉस्कोचा कान धरणारं कुणी नव्हतं.

तळटीप
मास्तर, थोडं थांबा. हे म्हणजे जगात बड्यांचंच चालतं, एवढंच झालं. अमेरिका आपल्या देशातल्या बंडखोरांना पोसते म्हणून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वानं आंतरराष्ट्रीय न्यायालयात केलेला खटला 1986 मध्ये जिंकला. अमेरिका आधीच सुनावणीतून उठून गेली होती. निकाल पाळावा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तर तिनं व्हेटो टाकला. व्हेटो नसता तर निदान ठराव तरी झाला असता.

निवृत्त मास्तर
झाला असता, कबूल. आणि मग? वॉशिंग्टनला जाऊन तो बजावणार कोण? नुकसानभरपाई मिळालीच नसती. तरी त्या निकालाला मी कमी लेखत नाही. बळाच्या वापरावरचा कायदा शिकवताना तो आजही घ्यावाच लागतो.

शंकेखोर
म्हणजे मध्यस्थी हा नुसता देखावाच म्हणायचा?

निवृत्त मास्तर
नाही हो! 1962 चं क्यूबा घ्या. सोव्हिएत युनियननं तिथे क्षेपणास्त्रं आणली, म्हणून अमेरिकेनं बेटाची नाकेबंदी केली. युनोचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांनी 24 ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह दोघांना सारखंच पत्र पाठवलं: दोन-तीन आठवडे एकानं शस्त्रं पाठवणं थांबवावं, दुसऱ्यानं नाकेबंदी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्रं. सोव्हिएत जहाजांनी नाकेबंदीच्या रेषेपासून लांब राहावं, अमेरिकेनं थेट टक्कर टाळावी. गंमत अशी की असं काहीतरी लिहा, हे अमेरिकेनंच त्यांना पडद्याआडून सुचवलं होतं. केनेडींचा शब्द मानला असता तर ख्रुश्चेव्ह झुकले असं दिसलं असतं. युनोच्या सरचिटणीसांचा मान राखायला काय हरकत?

खरा सौदा मात्र अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी आणि सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्यात गुपचूप ठरला, तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचा. त्या खोलीत युनो नव्हती. पुढे क्षेपणास्त्रं हलल्याची पाहणी करायला थांट स्वतः हवानाला गेले, तर क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांनी साफ नकार दिला. म्हणजे माघार घ्यायची दोघांच्या मनात होतीच, थांटनी फक्त वाट दाखवली.

तळटीप
हे पटलं. युद्धातही युक्रेनचं धान्य जहाजांनी बाहेर नेऊ देणारा 2022 चा काळ्या समुद्रातला धान्य करार याच जातीचा. रशिया आणि युक्रेननं एकमेकांशी सहीच केली नाही, दोघांनी तुर्कस्तान आणि युनोबरोबर वेगवेगळ्या कागदांवर केली. वर्षभर जहाजं गेली, तीन कोटी टनांहून जास्त धान्य बाहेर पडलं. जुलै 2023 मध्ये रशियाला तो परवडेनासा झाला. बाहेर पडायला त्याला व्हेटोचीसुद्धा गरज लागली नाही.

शंकेखोर
भावाला धाग्याची लिंक पाठवतोय. आता महिनाभर ऐकवेल.